घेतलं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

तुमच्या घरात नवं बाळ आलंय, आणि महिना उलटून गेला तरी सख्खे आजोबा त्याला हात लावत नाहीत. कुणी बाळ पुढे केलं की दोन पावलं मागे सरतात, नाहीतर काहीतरी आणायच्या निमित्ताने खाली निघून जातात. बाळ मुलगी आहे. अशा आजोबांबद्दल तुमचं मत बनायला किती वेळ लागेल?

माझं मत समोरचा चहा निवायच्या आत बनलं होतं. त्यात मी तरबेज आहे. माझे वडील दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि कर्मचारी संघटनेचे पक्के कार्यकर्ते. आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे लागायचे, आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. 'न' नळाचा नव्हे, निषेधाचा, अशी माझी बाराखडी. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो आणि माणूस मागाहून दिसतो. ज्या कामात आधी माणूस बघावा लागतो नेमकं तेच काम मी पत्करलं, याची घरी अजून थट्टा होते.

मी समुपदेशक आहे. या शब्दात 'उपदेश' घुसवणाऱ्याचा मी इथे जाहीर निषेध करते, कारण आम्हाला जी एक गोष्ट करायची सक्त मनाई असते ती म्हणजे उपदेश. लोक मात्र तोच घ्यायला येतात. एका गृहस्थांनी बायकोबद्दलची तक्रार अगदी कचेरीच्या पद्धतीने मांडली होती. विषय: चिडचिड. संदर्भ: आपलं कालचं फोनवरचं बोलणं. शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर'. एक बाई दर वेळी विचारायच्या, "गॅरंटी किती महिन्यांची?" आमची खोली पहाडगंजात, पिशव्यांच्या एका घाऊक दुकानाच्या वर आहे. भाडं परवडलं म्हणून घेतलेली ही जागा भलतीच सोयीची निघाली. मनाच्या दुखण्यासाठी जिना चढताना कुणी ओळखीचं भेटलं तर "पिशवी घ्यायला आलो होतो" असं म्हणता येतं. मग ते खोटं ठरू नये म्हणून लोक खरंच पिशवी घेऊन जातात. आमच्याकडे नेमाने येणाऱ्यांच्या घरी पिशव्यांचा ढीग असतो. खालचा दुकानदार आम्हाला सणाला मिठाई पाठवतो, ती उगाच नाही.

आता कामाविषयी थोडं. आमची भिस्त ज्या विचारावर आहे त्याला अटॅचमेंट थिअरी म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका. मराठीत त्याला जवळचा शब्द आहे, लळा. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पिढीला तोही समजावून सांगावा लागतो, "लळा म्हणजे? लल्ला?" असं मला एकीने विचारलं होतं. तान्हं मूल रडतं, कुणीतरी येतं. पुन्हा रडतं, पुन्हा कुणीतरी येतं. येणारं माणूस दर वेळी हसतमुख असतं असं नाही, कधी वैतागलेलंही असतं, पण येतं. असं होत राहिलं की मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: मी हाक मारली तर ऐकणारं कुणीतरी आहे. त्या भरवशावर ते रांगत दुसऱ्या खोलीत जातं, मग शाळेत जातं, मग परक्या गावी नोकरीला जातं. मोठ्या माणसालाही हा भरवसा लागतोच. अपघात, मारहाण, दंगल, पूर असं काही अंगावर येतं तेव्हा अनेकदा जखम होते ती इथेच. मी हाक मारली आणि कुणी आलं नाही. किंवा कुणी मला हाक मारली आणि मी पुरा पडलो नाही. मग माणूस एकतर जवळच्यांना इतकं घट्ट धरतो की त्यांचा जीव घुसमटतो, नाहीतर कुणाला जवळच येऊ देत नाही.

यावर आम्ही काय करतो? त्या माणसासाठी पुन्हा एकदा ते 'कुणीतरी' होतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत. तो बोलो न बोलो, आम्ही असतो. सुट्टी घ्यायची तर आधी सांगतो, आणि सांगितलेल्या दिवशी परत येतो. ऐकायला फार सोपं वाटतं. करून बघा.

तर ते आजोबा. सुभेदार घाडगे, निवृत्त, गाव साताऱ्याकडचं, घर गाझियाबादला. घाडगे हे त्यांचं खरं नाव नाही, बाकीचीही नावं बदलली आहेत. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "पलटणीचं नाव घालू नका. बाकी बिनधास्त छापा."

आधी आली त्यांची मुलगी अश्विनी. पहिल्या बाळंतपणासाठी हैदराबादहून माहेरी आलेली. बाळ आईकडे ठेवून आली होती आणि सारखं घड्याळाकडे बघत होती.

"मॅडम, माझ्या बाबांना मुलगी नको होती," तिने बसल्या बसल्या सांगितलं. "आधी मी झाले. आता ही झाली."

"असं ते म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मला लहानपणचं एकच आठवतंय. बाबा कुठल्यातरी ड्यूटीवरून खूप दिवसांनी घरी आले. मी धावत गेले, असे हात वर केले. त्यांनी माझ्या हातात बिस्किटांचा डबा दिला. त्यानंतर त्यांनी मला कधी उचललंच नाही, यार. सॉरी, यार म्हणाले."

"म्हण गं, बिनधास्त."

"तीन महिन्यांनी बारसं आहे, नवऱ्याला रजा तेव्हाच मिळतेय. बारसं झालं की मी हिला घेऊन हैदराबादला जाणार. तोपर्यंत बाबांनी हिला जवळ घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर त्या घरी मी परत पाऊल ठेवणार नाही. बिल्कुल नाही. मी जे सोसलं ते हिला बघायला लावणार नाही."

ती गेली आणि मी आमच्या ज्येष्ठ समुपदेशक अरोरा मॅडमपुढे माझं मत मांडलं. मुलींचा दुस्वास, गणवेशातली पुरुषी अढी, वगैरे. मथळा झकास जमला होता. अरोरा मॅडम बिस्किट चहात बुडवून शांतपणे म्हणाल्या, "अच्छा भाषण है. बंदे को देखा है?"

बंद्याला मी अजून पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सुभेदार आले ते बायकोला, शालनकाकूंना घेऊन, त्यांच्या बीपीसाठी म्हणून. अश्विनीने त्यांना तसंच सांगून पाठवलं होतं. आल्या आल्या त्यांनी खिडकीची कडी उघडून-लावून पाहिली, आपली खुर्ची उचलून दाराकडे तोंड येईल अशी भिंतीला लावली आणि पाठ ताठ ठेवून बसले. "सब ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. मी अजून काही विचारलं नव्हतं.

काकूंना मात्र खूप बोलायचं होतं. "अगं पोरी, नात झाल्यापासून हा माणूस मला घरात काही करू देत नाही. लंगोट हेच धुणार. उन्हात एक बाजू वाळली की उलटवायला पुन्हा गच्चीवर. पाळण्याचा हूक यांनी स्वतः छताला बसवला आणि त्याला लोंबकळून बघितलं. साठीचा माणूस, पाळण्याच्या हुकाला लोंबकळतोय! शेजारीण दारातूनच परत गेली."

"वजन तपासत होतो," सुभेदार म्हणाले.

"तिचं का तुमचं?"

मी ओठ दाबून हसू आवरलं, आणि माझा मथळा त्याच वेळी डोक्यातून निखळून पडला. नातीचे लंगोट असे जपून वाळवणाऱ्या माणसावर 'मुलगी नको' हे पत्रक काही केल्या चिकटेना. मग हा माणूस तिला हात का लावत नाही?

मी थर्मासमधून चहा ओतला. सुभेदारांनी अदबीने एक पेला उचलून माझ्यापुढे धरला. मी तो पकडला. पण ते सोडेनात.

"घेतला?" त्यांनी विचारलं.

"अच्छा," मी म्हणाले. दिल्लीत आपण कशालाही अच्छा म्हणतो.

"अच्छा नाही, मॅडम. घेतला म्हणा."

मला वाटलं गंमत चाललीय. मी पेला थोडा ओढला, त्यांनी आणखी घट्ट धरला, आणि अर्धा चहा माझ्या कुडत्यावर आला.

काकूंनी कपाळाला हात लावला. "हे असंच आहे बघ! भाजीची पिशवी देताना, चावी देताना, साधी कोथिंबिरीची जुडी देताना, 'घेतलीस?' 'घेतली.' 'नक्की?' 'अहो घेतली, आता सोडा!' आणि आमच्या घरात अच्छा म्हणायला बंदी. पोरगी लहानपणी अच्छा म्हणाली की हे असे ओरडायचे. एवढं मराठीचं वेड! इथल्या मराठी मंडळाने यांचा सत्कार केला होता, माहितीये? दिल्लीत राहून घरात शुद्ध मराठी राखली म्हणून. शाल, नारळ, सगळं."

सुभेदारांचा चेहरा त्या सत्काराच्या आठवणीने कसानुसा झाला. मराठीच्या वेडाने कुणाचा चेहरा असा होत नाही.

"काका, हे घेतलं-घेतलं कधीपासूनचं?" मी विचारलं.

ते उठले. "वेळ संपली, मॅडम," म्हणाले, आणि काकूंना घेऊन जिना उतरले. वेळ संपायला बराच अवकाश होता.

मला घाई झाली होती, कारण बारशाची तारीख ठरलेली होती आणि अश्विनीचा शब्द मला माहीत होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना फोन करून सगळं विचारून टाकावं असं वाटत होतं. अरोरा मॅडमनी अडवलं. "खींच मत, बेटा. तू बस वहीं बैठी मिल."

म्हणून मी तिथे बसलेली सापडत राहिले. त्यानंतर सुभेदार एकटे यायला लागले. बीपीचा विषय दोघांनीही सोडून दिला. ते वेळेच्या बरेच आधी येऊन खालच्या दुकानात उभे राहायचे, आणि मी खरंच वेळेवर जिना चढते का ते बघायचे. हे मला दुकानदाराने सांगितलं. एकदा ते आलेच नाहीत. मी फोन केला, "काका, खुर्ची रिकामी आहे. पुढच्या वेळी वाट बघते." एवढंच. पुढच्या वेळी त्यांनी दारातूनच विचारलं, "रागावला नाहीत?" मी नाही म्हणाले. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझी डुगडुगती खुर्ची उलटी करून तिचे चारही पाय कसले. "पडला असतात एक दिवस," म्हणाले. आमच्या कामात याला काय म्हणायचं ते मी अभ्यासक्रमात शिकलेले आहे, पण त्या दिवशी मला फक्त बरं वाटलं.

खुर्ची दुरुस्त झाल्यावर मी त्यांना लळ्याचं ते सगळं सांगितलं, जे वर तुम्हाला सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे बेस कॅम्प," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गस्तीवर जायचं तर मागे कॅम्प पाहिजे. कॅम्पात चहा पाहिजे आणि वायरलेसवर जागा माणूस पाहिजे. ते असलं की पोरं कुठेही जातात. नसलं की पायच उचलत नाही." मग ते दाराकडे बघत म्हणाले, "मॅडम, मी एका ठिकाणी जाऊन येतो. तुम्ही इथेच बसा."

ते खुर्चीवरून हलले नव्हते. मी म्हणाले, "इथेच आहे."

आणि त्यांनी सांगितलं. पूर्वेकडच्या एका नदीला पूर आला होता, त्यांची तुकडी मदतीला गेली होती. छपरावर अडकलेली माणसं खाली नावेत उतरवायची होती. सुभेदार, तेव्हा हवालदार, छपराच्या कडेला उपडे झोपून एकेकाला खाली देत होते, नावेतला त्यांचा साथीदार घेत होता. चादरीत गुंडाळलेलं एक पोर आलं. दीड-दोन वर्षांची मुलगी.

"मी वरून ओरडलो, लिया? खालून आवाज आला, अच्छा. मी सोडलं."

त्यांनी दोन्ही पंजे उघडून माझ्यापुढे धरले.

"अच्छा म्हणजे काय हो, मॅडम? हो? का ऐकलं? का थांब? तो म्हणत होता, अच्छा, रुक. रुक पाण्याच्या आवाजात गेलं. नाव हलली होती. त्याचे हात तिथे नव्हतेच. तो मागोमाग उडी मारून गेला. नाही सापडली."

"तुमची चूक नव्हती" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते वाक्य त्यांना पलटणीतल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि जोडीला 'विसरून जा'. मला तर 'विसरून जा' म्हणणाऱ्यांविरुद्ध मोर्चा काढावासा वाटतो. विसरता आलं असतं तर तो माणूस तुमच्या तोंडून ऐकायला थांबला असता का?

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"मग? छपरावर अजून लोक होते. पोरं होती. ती उतरवली."

"ती नीट पोचली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्याच घरातली एखादी न उघडलेली खोली मी दाखवली होती. "पोचली," ते म्हणाले. "सगळी पोचली. प्रत्येक वेळी खालच्याला घेतलं म्हणायला लावलं मी."

आठवण पुसायचं औषध आमच्याकडे नाही. फार तर तिच्या शेजारी दुसरी बसवता येते, आणि त्या दोघींबरोबर माणूस एकटा राहणार नाही असं बघता येतं. तेवढं आम्ही पुढचे काही आठवडे करत राहिलो. आणि एक दिवस सुभेदार स्वतःहून म्हणाले, "अश्विनीला बोलवा. तिला मी सांगतो. तुम्ही सांगू नका."

ती आली आणि बापाकडे अर्धी पाठ करून बसली. सुभेदारांनी हवामानाचा अहवाल द्यावा तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "घरी आलो तर तू समोरून धावत आलीस. हात वर करून. मला माझे हात भरवशाचे वाटले नाहीत. डबा होता, तो दिला."

अश्विनी पुरती त्यांच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "म्हणजे बाबा, अच्छा म्हटल्यावर तुम्ही ओरडायचात ते... मराठीसाठी नाही?"

"मराठीचं काय! मी जन्मभर हुकूम हिंदीत दिले."

"आणि मी तुमच्या भीतीने मराठी निबंध स्पर्धेत भाग घ्यायचे! दर वर्षी! मला ऱ्हस्वदीर्घ येत नाही तरी!"

"मग मला तरी कुठे हवा होता तो सत्कार? मी नको म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, किती विनय!"

आधी अश्विनीला हसू फुटलं, मग तिला रडू आलं, मग दोन्ही एकदम. सुभेदारांनी तिच्यापुढे रुमाल धरला. ती नाक ओढत म्हणाली, "घेतला, बाबा. सोडा."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण समजलं म्हणजे जमलं असं होत नाही. हातांना ते समजायला वेगळा वेळ लागतो. म्हणून सुभेदारांनी काकूंनाही सगळं सांगितल्यावर आम्ही सराव सुरू केला. साखरेच्या पिशव्या दुपट्यात गुंडाळून साधारण बाळाएवढं वजन केलं आणि ते गाठोडं आमच्या खोलीत सुभेदार, काकू आणि मी एकमेकांना देऊ लागलो. घेतलं? घेतलं. काकूंनी पहिल्याच दिवशी गाठोड्याचं नाव साखरबाई ठेवलं. "अहो, मान धरा तिची!" "साखरेला मान कुठे असते, शालन?" "तुमच्या हातात असली की सगळ्यांनाच मान ताठ ठेवावी लागते!" सुभेदार साखरबाईला घेऊन खोलीत फेऱ्या मारायला लागले तेव्हा मला वाटलं, जिंकलो. बारशाला आता रंगत येणार.

आपल्या बारशात बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, आणि दर वेळी 'घ्या' म्हणतात. मला ही रीत देवानेच पाठवली असं वाटलं. देणारी सांगते, घेणारी घेते, तेव्हाच देणारी सोडते. सुभेदारांना पाळण्यापाशी उभं करायचं, असं आम्ही ठरवलं. बायकांच्या विधीत आजोबा! माझ्यातल्या पत्रकवालीला तर उकळ्या फुटत होत्या.

गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल माणसांनी भरला होता. जावई आले होते, मंडळातले लोक आले होते, पाळण्याला फुगे लावले होते, कोपऱ्यात केटररवाला घुगऱ्यांच्या शेजारी छोले मांडत होता. पाळण्याचं गाणं कुणालाच सबंध येत नव्हतं, म्हणून एका काकूंनी ते मोबाइलवर लावून माइकजवळ धरलं. अश्विनी बाळाला घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, इकडे या."

"पुरुष कशाला मध्ये?" मागून कुणीतरी म्हणालं. मी उत्तर देणार होते, मोठ्या कष्टाने गप्प बसले.

सुभेदार आले. पाळण्याच्या पलीकडे उभे राहिले. अश्विनीने बाळ पुढे केलं. आणि उत्साहाच्या भरात सगळ्या बायका एका सुरात ओरडायला लागल्या, घ्या, घ्या, घ्या! वर ते माइकवरचं गाणं, पोरांचा गलका, कुणाचा तरी फुगा फुटला. सुभेदारांचे हात अर्ध्यावर आले होते, तिथेच थांबले. ते वळले आणि सरळ हॉलबाहेर गेले.

मला तेव्हा कळलं की आम्ही सराव शांत खोलीत केला होता. आवाजाचा विचार मी केलाच नव्हता, आणि त्या दिवशी छपरावर तोच तर सगळीकडे भरून राहिला होता. बाळ आत्याने घेतलं, नाव ठेवलं गेलं, सई. आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे बसले, लोक हसले. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुभेदारांना पहिल्यापासून जरा मुलीचं..." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

अश्विनीचा चेहरा मी बघत होते. त्याच दिवशी संध्याकाळची गाडी होती. सामान बांधून तयार होतं.

पंगत उठली, पाहुणे पांगले. तंबूवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली. तेव्हा सुभेदार आत आले. मधोमध सतरंजी अंथरलेली होती, तिच्यावर ते मांडी घालून बसले. हात मांडीवर मोकळे.

"अश्विनी, आता दे," ते म्हणाले.

अश्विनी त्यांच्यासमोर बसली. तिने सईला हवेतून पुढे केलंच नाही. सतरंजीवर टेकवत टेकवत, सरकवत तिच्या आजोबांच्या मांडीत ठेवलं. सईने जांभई दिली. सुभेदारांनी तिच्या डोक्याखाली हात घातला, मग पाठीखाली. मग छातीशी घेतलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही म्हणालं नाही.

थोड्या वेळाने मान वर करून त्यांनी मला सांगितलं, "बाहेर उभा राहून विचार केला, मॅडम. उभ्याने घेतलं तर पडायची भीती. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मांडीतून पोर पडणार कुठे?"

कित्येक आठवडे साखर वाहून नेणाऱ्या आम्हा शहाण्यांना हे सुचलं नव्हतं.

तंबूवाल्याचा माणूस येऊन म्हणाला, "साहब, दरी उठानी है."

"उठाओ," सुभेदार म्हणाले. "किनारे से उठाओ."

त्याने एका बाजूने सतरंजी गुंडाळायला घेतली, मग दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये एवढ्याशा बेटावर आजोबा, आई आणि नात बसून राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, तिची गाडी चुकेल." अश्विनी म्हणाली, "चुकू दे, आई. दिवाळीपर्यंत दुसरं तिकीट मिळेलच." जावयांनी मुकाट्याने मोबाइल काढला आणि तिकिटं बघायला लागले.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या दिवाळीत तुम्ही फराळाची ताटं घेऊन घरोघरी जाल. कुठल्यातरी घरात असा एक माणूस असेल ज्याच्या एखाद्या विचित्र सवयीवर सगळे हसतात किंवा तिला घाबरतात. लिफ्टमध्ये न चढणारी आत्या असेल, दाराकडे पाठ करून कधीच न जेवणारे काका असतील, फोन वाजला की ताडकन उठणारी सून असेल. ताट देऊन परत फिरू नका. त्या माणसाजवळ बसा आणि एवढंच विचारा, "तुमचं हे कधीपासूनचं?" पहिल्या वेळी उत्तर मिळणार नाही. तो विषय बदलेल, तुम्हाला चकली खायला घालेल. खा आणि या. मग फराळ संपल्यावर, जायला काही निमित्त उरलेलं नसताना, एखाद्या साध्या रविवारी पुन्हा जा.